रुचीचा ग्रीक ड्रेस

रविवार होता. थंडी सुरू झाली होती, म्हणून मी कूलरच्या जाळ्या धुऊन गॅलरीत वाळत घालत होते. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"मंजू, आज रिकामी आहेस ना? येताना एक पांढरी चादर आण. सुती. आणि मोठ्या सेफ्टी पिना. ग्रीक ड्रेस करायचाय."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

मला त्यात नवल वाटलं नाही. मी शाळेत क्राफ्ट शिकवते. गॅदरिंगच्या दिवसांत कोण ना कोण फोन करतंच. कुणाला परी हवी असते, कुणाला झाशीची राणी. त्यात ग्रीक ड्रेस सगळ्यांत सोपा. एक चादर, दोन पिना आणि कमरेला दोरी.

नवल वाटलं ते ताईनं काहीतरी मागितलं याचं. रुची गेल्यापासून तिनं कुणाकडे काहीच मागितलं नव्हतं. रुची म्हणजे तिची एकुलती एक. आठवीत होती. गेल्या डिसेंबरात ताप आला, तो मेंदूत गेला आणि आठवड्याभरात सगळं संपलं. तेव्हापासून ताई म्हणजे यशोधराताई फक्त घरात असायची. वाढलं तर खायची, हाक मारली तर वळून बघायची. त्यामुळे मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या श्रेयासाठी असेल ड्रेस. श्रेया रुचीच्याच वर्गात होती. बरं झालं, म्हटलं, ताईचं मन कुठंतरी लागतंय.

मल्हारगंजात आमचं जुनं ओळखीचं दुकान आहे. तिथं मी बिनकिनारीची पांढरी चादर मागितली. दुकानदारानं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला आणि आवाज हळू केला.

"दीदी... घर में कुछ हो गया क्या? कितने बजे ले जा रहे हैं?"

"अरे नहीं भिया, बच्चों के नाटक का है," मी म्हटलं आणि हसले. तो हसला नाही. चादर कागदात गुंडाळून देताना माझ्याकडे बघत राहिला फक्त.

ताई तुकोगंजात राहते. एका दवाखान्याच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर. दार जिजाजींनी उघडलं. ते बूट घालूनच उभे होते.

"बरी आहे हल्ली," ते कुजबुजले. "जेवते, बोलते. तू काही विचारत नको बसू. मी जरा बाहेर जाऊन येतो."

"रविवारी कुठं, जिजाजी?"

"असंच." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन किती उरलंय ते बघावं, तसं. "संध्याकाळी मी घरी थांबत नाही, मंजिरी." आणि ते गेले.

ताईनं चादर हातात घेऊन चुरगळून पाहिली. खळ होती. आम्ही ती गरम पाण्यात काढली आणि मागच्या अंगणात उन्हात टाकली. ताई खरंच बरी वाटत होती. केस विंचरलेले, साडी नीट नेसलेली. चादर वाळेपर्यंत आम्ही अंगणात बसून मटार सोलले. लहानपणी आई आम्हाला उन्हात बसवून केसांना तेल लावायची, त्याच्या गोष्टी निघाल्या. ताई एकदा हसलीसुद्धा. त्या हसण्यानं मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

चादर वाळल्यावर मी ती बैठकीत जमिनीवर पसरली. वरचा भाग बाहेरच्या बाजूला दुमडायचा, म्हणजे छातीवर झालरीसारखा पडतो. मग सगळी चादर अंगाभोवती घ्यायची, दोन्ही खांद्यांवर पुढचं-मागचं कापड एकत्र पिनेनं पकडायचं, कमरेला दोरी बांधायची आणि वरून थोडं कापड ओढून दोरीवर फुगवायचं. दोरी म्हणून ताईनं जुन्या पडद्याची सोनेरी दोरी काढून ठेवली होती. डोक्याला लावायला सोनेरी कागदाची पानं कापून हेअरबँडवर चिकटवली होती. इतकी बारीक, सुबक पानं... ती काय एका दिवसात झाली नसणार.

"माप?" मी विचारलं.

ताईनं ब्लाऊजमधून एक दोरा काढला. एका टोकाला गाठ, खाली दुसरी गाठ. "खांद्यापासून घोट्यापर्यंत."

मी दोरा कापडावर धरला. श्रेयाच्या मानानं लांब वाटला. पण ती वयंच तशी, मुली बघता बघता वाढतात. तेवढ्यात श्रेया स्वतःच खाली आली. ताईची वाटी परत करायला आली होती.

"बरी आलीस," मी म्हटलं. "ये, अंगावर लावून पाहू."

ती दारातच थांबली. "मावशी, ये मेरा नहीं है... म्हणजे, माझा नाहीये. आमचं तर यंदा दुसरंच नाटक आहे. ग्रीक वालं मागच्या वर्षी होतं." तिनं ताईकडे पाहिलं, वाटी टेबलावर ठेवली आणि जवळजवळ पळतच जिना चढून गेली.

मी ताईकडे पाहिलं. ती पानं चिकटवत होती.

"रुचीचा आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी करायचा राहून गेला ना."

रुची नाटकात होती हे मला माहीत होतं. समुद्रावर गेलेल्या नवऱ्यांची वाट बघणाऱ्या बायकांच्या घोळक्यात तिला घेतलं होतं. मागे उभं राहून सगळ्यांनी मिळून एकच ओळ म्हणायची. आजारपणातही ती ती ओळ पुटपुटायची. ड्रेस कसला होता, ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

मला रडू आलं. पण मी म्हटलं, करू दे. कुणी फोटोला हार घालतं, कुणी वह्या जपून ठेवतं. हिला ड्रेस करायचाय, तर करू आपण.

"मग हे माप जास्त नाही का होत, ताई?" मी सहज म्हणाले. "एवढी उंच नव्हती ती."

"मागच्या वर्षी नव्हती," ताई म्हणाली. "आता झालीय."

ऊन उतरलं तसं ताईनं घरातले पडदे ओढून घेतले. मी लाईट लावायला उठले, तर तिनं माझा हात धरला.

"लावू नको. उजेड तिच्या डोळ्यांना खुपतो."

तिनं चादर उचलली आणि रुचीच्या खोलीकडे निघाली. "चल. खालची उंची बघायची राहिलीय."

मी का गेले? ती माझी मोठी बहीण आहे म्हणून. तिला त्या खोलीत एकटीला सोडवेना म्हणून.

खोलीत जवळपास काळोख होता. पडद्याच्या फटीतून संध्याकाळचा राखाडी उजेड तेवढा येत होता. पलंगावरची गादी कधीच काढून टाकलेली. आणि वास... कोलन वॉटरचा. तापाच्या पट्ट्यांना घालतात ना, तो. त्याच्याखाली दुसरा एक वास होता. खूप दिवस अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाच्या केसांना येतो, तसा. वर्षभर बंद असलेल्या खोलीत तो इतका ताजा कसा, असा विचार मनात आला आणि मी तो ढकलून दिला.

ताईनं चादर दोन्ही खांद्यांच्या पिनांपाशी धरून समोर उभी केली. "खालून बघ. जमिनीला टेकायला नको."

मी गुडघ्यांवर बसले. दोन-चार पिना ओठांत धरल्या. डावीकडून सुरुवात केली. काठ आत दुमडायचा, पिन लावायची आणि तसंच थोडं पुढं सरकायचं. शाळेत शेकडो पोरींचे घागरे असे केलेत मी. हात आपोआप चालतात. मान वर करावी लागत नाही.

"पट्टी बदलायला पाहिजे," ताई म्हणाली.

ओठांत पिना होत्या म्हणून मी नुसता हुंकार दिला.

मग स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला. पाणी भांड्यात पडू लागलं. बांगड्या वाजल्या... ताईच्या बांगड्या... स्वयंपाकघरात.

चादर माझ्यासमोर तशीच उभी होती.

मी मान वर केली नाही. खरं सांगते, करताच आली नाही. मला फक्त खालचा काठ दिसत होता. तो किंचित हलत होता. वाऱ्यानं हलतो तसा नाही. फार वेळ उभं राहिलेलं मूल या पायावरून त्या पायावर भार टाकतं ना... तसा. आणि कापडातून धग येत होती. चुलीजवळ बसावं, तशी माझ्या तोंडावर लागत होती.

माझी बोटं थांबली नाहीत. थांबली तर काय होईल, या भीतीनं मी पुढची पिन लावली.

"मावशी... टोचतंय."

बारीक आवाज. घसा कोरडा पडलेला.

आणि मी काय म्हणाले, सांगू? मी म्हणाले, "सॉरी बेटा." सवयीनं. ती लहान असताना फ्रॉकच्या गुंड्या लावताना मी म्हणायचे, तसंच.

ताई पाण्याचं भांडं घेऊन आत आली आणि चादर खाली पडली. एखाद्यानं आतून अंग काढून घ्यावं, तशी खाली बसली. मी तिच्यावर हात ठेवला. कापड तापलेलं होतं. थर्मामीटर लावायला नको, हातालाच कळतं, असा ताप.

स्वयंपाकघरात ताईनं लाईट लावला. मला पाणी दिलं. माझे दात ग्लासावर वाजत होते. ती शांत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तेराव्यानंतर. रोज दिवेलागणीला येते. तेव्हाच चढायचा ना ताप तिला." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "पहिल्यांदा आली तेव्हा मला भीती नाही वाटली, मंजू. मी इतकी खूश झाले... रोज एकच विचारते. आई, माझा ड्रेस झाला? मी म्हणते, उद्या करू बेटा. रोज उद्या."

"का पण?"

"ड्रेस झाला की ती नाटकाला जाईल. मग कशाला येईल परत?"

मी ग्लास ओट्यावर ठेवला.

"पण तिचा ताप उतरत नाहीये गं." आता ताईचा आवाज फुटला. "वर्ष होत आलं. एक दिवस नाही उतरला. पट्ट्या ठेवते, ठेवल्या ठेवल्या सुकतात. पोर नुसती भाजतेय. वाढतेय आणि भाजतेय. आणि मी तिला उद्या-उद्या म्हणत अडकवून ठेवलंय... माझ्यासाठी."

जिजाजींना माहीत आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांना वास येतो. एकदा आवाजही आला. त्या दिवसापासून ते संध्याकाळी घरात थांबत नाहीत.

मी निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले. "उद्या येशील ना? शेवटची पिन मला एकटीनं नाही लावता येणार."

त्या रात्री विजय नगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? न जाण्याची हजार कारणं मी शोधली. शाळा आहे, डोकं दुखतंय, ताईला डॉक्टर दाखवायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझी गाडी तुकोगंजाकडेच वळली.

जिजाजी दारात उभे होते. बूट आजही घातलेले. बराच वेळ तसेच उभे असावेत.

"आज आहे म्हणे," ते म्हणाले.

"हो."

"मी गॅदरिंगला कधी गेलो नाही, मंजिरी. दर वर्षी म्हणायची, पप्पा या ना. माझं ऑफिसच सुटायचं नाही." ते खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. एक गाठ सुटेना, ती मी सोडून दिली.

पडदे ओढलेले होते. बैठकीत ताईनं तीन खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या, हॉलमध्ये मांडतात तशा. मला घेऊन ती खोलीत गेली. वास कालच्यापेक्षा दाट होता. मी दारातच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. काळोखात ताईच्या बांगड्या वाजत होत्या. मधेमधे ती हळू बोलत होती. "हात वर कर... अशी... झालं हं... दोरी घट्ट नाही ना?" मग तिनं मला हाक मारली.

"मंजू. पिन दे."

मी पिन पुढे केली. ताईची बोटं थंडगार होती. पिनेचा टक् असा आवाज झाला. ताई काही क्षण तशीच, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"जा, बस," ती मला म्हणाली.

मी जिजाजींच्या शेजारी बसले. ताई खोलीतून उलट्या पावलांनी बाहेर आली. आजाऱ्याला पलंगावरून उठवून चार पावलं चालवतात ना, दोन्ही हात धरून, तशी. तिच्यासमोर पांढरं काहीतरी येत होतं. त्याच्यावर सोनेरी पानं मंद चमकत होती. चेहरा मी पाहिला नाही. माझी नजर कमरेच्या दोरीवर राहिली. त्या दोरीवरचं कापड वर-खाली होत होतं. धाप लागल्यासारखं.

ताईनं हात सोडले आणि येऊन खुर्चीवर बसली.

कुणीच हललं नाही. बाहेर दवाखान्यापाशी कुणीतरी गाडी सुरू केली, ती लांब गेली. जिजाजींचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग तो कोरडा, बारीक आवाज... अडखळत... पण पाठ केलेलं नीट आठवून म्हणतात तसा.

"हे समुद्र... हमारे लोगों को... घर लौटा दे।"

एवढीच ओळ होती तिची.

जिजाजींनी टाळी वाजवली. एकच. मग दुसरी. मग ते वाजवतच राहिले, जोरात, लहान मुलासारखे रडत, "शाब्बास बेटा, शाब्बास" म्हणत. मीही वाजवत होते. ताई उठली आणि पुढे गेली. आई ताप बघते तसा तिनं हात वर केला आणि उलट्या तळव्यानं कपाळाला लावला.

"उतरला," ती म्हणाली. "मंजू... घाम आलाय हिला."

चादर हळूच खाली आली. ताईचा हात तसाच हवेत राहिला.

मी लाईट लावला, कारण आता कुणाच्या डोळ्यांना खुपणार नव्हता. चादर मानेपाशी आणि पाठीला ओली होती. चिंब. आणि गार. ताईनं ती छातीशी धरली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. जिजाजी तिच्याजवळ जमिनीवर बसून होते. मी स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली. आम्ही तिघांनी ती खाल्ली. ताईनं दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम फोन केला. ताई म्हणाली, पडदे उघडे आहेत, वास नाही, कुणी आलं नाही. महिन्याभरानं त्यांनी रुचीची खोली पुसून घेतली. जिजाजी आता वेळेवर घरी येतात. ताई रडते, पण माणसासारखी रडते. मला वाटलं, झालं, संपलं. पोर सुटली आणि तिची आईही.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी मी एकटीच घरी होते. बेल वाजली. दारात एक बाई. ओळखीची नव्हती. केस पांढरे, अंगावर साधी सुती साडी, देवासहून बसनं आले म्हणाली. हातात दुकानाची पिशवी होती.

"ग्रीक ड्रेस आप ही बनाती हैं न?"

मला वाटलं, कुणाची तरी आजी असेल. "हो... कौन से स्कूल से आई हैं, माँजी?"

"स्कूल नहीं," ती म्हणाली. "बेटी ने आपका नाम बताया। उसकी कोई नई सहेली है, रुची। उसका ड्रेस देखा, तब से जिद पकड़ के बैठी है।"

मी दाराची कडी धरली. ताईच्या घरातली ती संध्याकाळ आम्हा तिघांशिवाय कुणालाही माहीत नव्हती. जिजाजींनी मला शपथ घातली होती, आणि मी ती पाळली होती.

"बेटी को... साथ नहीं लाईं?" मी कसंबसं विचारलं. "किती मोठी आहे? कितनी बड़ी है?"

बाईनं पिशवी खाली ठेवली.

"जब गई, पाँच की थी," ती म्हणाली.

मग माप दाखवायला तिनं हात वर केला. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. स्वतःच्या डोक्यापर्यंत. तिथं तो थांबला नाही. ती टाचा उचलून उभी राहिली, हात वर वर जात राहिला, आणि तिची बोटं माझ्या दाराच्या वरच्या चौकटीला टेकली. तरी ती वरच बघत होती.